'इलमॅटिक' की 'द क्रॉनिक'? आधी जोडी बरोबर लावा

प्रश्न थोडक्यात असा: नव्वदच्या दशकातलं अमेरिकन हिप-हॉप ऐकायला सुरुवात केली आहे. न्यूयॉर्कच्या नासचा 'इलमॅटिक' आणि लॉस एंजेलिसच्या डॉ. ड्रेचा 'द क्रॉनिक' दोन-तीनदा ऐकून झाले. पण ईस्ट कोस्ट भारी की वेस्ट कोस्ट, यावर मित्रांशी वाद घालताना 'हा जास्त रॉ आहे, तो जास्त चिल आहे' याच्या पुढे गाडी सरकत नाही. तुलना करायची तर नेमकं काय ऐकायचं?

गाडी सरकत नाही कारण जोडीच विजोड आहे. 'द क्रॉनिक' (१५ डिसेंबर १९९२) हा निर्मात्याचा अल्बम आहे. हिप-हॉपमधला निर्माता म्हणजे पैसे लावणारा माणूस नव्हे. चाल, वाद्यमेळ, ठेका आणि शेवटचा आवाज ठरवणारा तो निर्माता. ड्रे तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता, एनडब्ल्यूएसारखा गट गाजवून बाहेर पडलेला होता, आणि स्वतःचे बरेचसे शब्द तो इतरांकडून लिहून घेत होता. 'इलमॅटिक' (१९ एप्रिल १९९४) त्याच्या बरोबर उलट. वीस वर्षांचा लेखक-रॅपर, आणि त्याच्या शब्दांना बीट, म्हणजे खालचं संगीत, द्यायला पाच निर्माते: लार्ज प्रोफेसर, डीजे प्रीमियर, पीट रॉक, क्यू-टिप आणि एल.ई.एस. एका बाजूला संगीत संयोजक ठेवायचा, दुसऱ्या बाजूला कवी, आणि मग विचारायचं की दोघांत श्रेष्ठ कोण. असा वाद रात्रभर चालतो आणि सकाळी होता तिथेच असतो.

जोड्या अशा लावा. 'द क्रॉनिक'समोर वू-टँग क्लॅनचा 'एंटर द वू-टँग (थर्टी-सिक्स चेंबर्स)', ९ नोव्हेंबर १९९३. दोन्हीकडे आवाजावर एका माणसाची पकड, तिकडे ड्रे, इकडे आरझेडए. दोन्हीकडे त्याच्याभोवती नव्या रॅपर्सचा ताफा, आणि दोन्ही अल्बम त्या ताफ्याची जाहिरातच आहेत. आणि 'इलमॅटिक'समोर स्नूप डॉगी डॉगचा 'डॉगीस्टाइल', २३ नोव्हेंबर १९९३. दोन्ही पदार्पणाचे अल्बम. दोन्ही रॅपर्स आधी दुसऱ्यांच्या गाण्यांत चमकलेले: नास १९९१ मध्ये मेन सोर्सच्या 'लाइव्ह ॲट द बार्बेक्यू'मध्ये, स्नूप १९९२ मध्ये ड्रेच्या 'डीप कव्हर'मध्ये. दोघांकडून लोकांच्या अपेक्षा भलत्याच वाढलेल्या. आता वजनं सारखी झाली, तराजू उचलायला हरकत नाही.

ऐकण्याच्या साधनाचं आधी बघा, कारण निम्म्या चुका तिथेच होतात. मोबाइलच्या स्पीकरवर साधारण २०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काहीच येत नाही. बेस गिटारची सगळ्यात खालची मोकळी तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते. म्हणजे 'द क्रॉनिक' मोबाइलवर ऐकला तर अल्बमचा पायाच गायब, आणि वर उरतो पातळ सिंथ, म्हणजे सिंथेसायझर, आणि बोलणं. 'इलमॅटिक'चं तेवढं नुकसान होत नाही, कारण त्यातली महत्त्वाची गोष्ट मधल्या पट्टीत आहे: पियानो, स्नेअर ड्रम, माणसाचा आवाज. मोबाइलवर ऐकून 'वेस्ट कोस्ट पोकळ वाटतं' म्हणणाऱ्यांचा दोष कानाचा नसतो, स्पीकरचा असतो. वायरचे बरे हेडफोन किंवा गाडीतली सिस्टीम, दोन्हीपैकी एक घ्या आणि चारही अल्बम त्यावरच ऐका.

आणखी तीन सापळे. एक, आवाजाची पातळी. नंतरच्या रिमास्टर आवृत्त्या बहुधा चढ्या पातळीच्या असतात, आणि चढा आवाज कानाला नेहमी 'भारी' वाटतो. पातळी हाताने सारखी करा, स्नेअरचा फटका दोन्हीकडे तितकाच जोरात लागला पाहिजे. दोन, व्हिडिओ साइटवर लोकांनी चढवलेली गाणी. कॉपीराइटची यंत्रणा चुकवायला काही जण वेग किंवा स्वर किंचित हलवतात. मग लय मोजायला बसलात तर आकडे चुकतात. तीन, 'क्लीन' आवृत्ती. शिव्या कापल्या की ठेक्यात खड्डे पडतात, आणि स्नूपसारख्या रॅपरचं सगळं कसब सलग वाहण्यात असल्याने तो अडखळतोय असंच वाटतं. 'डॉगीस्टाइल'च्या बाबतीत गाण्यांची यादीही तपासा. पहिल्या आवृत्तीतलं एक गाणं सॅम्पलच्या, म्हणजे जुन्या मुद्रणातून उचललेल्या तुकड्याच्या, परवानगीच्या अडचणीमुळे नंतरच्या आवृत्त्यांतून काढलं गेलं.

आता लय. सगळे म्हणतात वेस्ट कोस्ट संथ, ईस्ट कोस्ट आक्रमक. घड्याळ लावून बघा. 'द क्रॉनिक'मधलं 'नथिंग बट अ जी थँग' मिनिटाला सुमारे ९५ ठोक्यांचं आहे. 'इलमॅटिक'मधलं 'एन. वाय. स्टेट ऑफ माइंड' सुमारे ८४ चं. म्हणजे जे गाणं अंगावर येतं ते प्रत्यक्षात संथ, आणि जे गाणं सोफ्यावर रेलल्यासारखं वाटतं ते वेगवान. तुलनेतला पहिला खरा धडा हाच, की ताण लयीतून येत नाही, लयीत काय भरलंय त्यातून येतो.

८४ च्या लयीत चार ठोक्यांचा एक बार २.८६ सेकंदांचा होतो. ९५ च्या लयीत २.५३ सेकंदांचा. नासला दर बारला सुमारे तिसरा हिस्सा सेकंद जास्त मिळतो आणि तो ती जागा अक्षरांनी ठासून भरतो. स्नूपला वेळ कमी, तरी तो अक्षरं कमी वापरतो आणि स्वर ओढतो. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर स्नूप ठाय गातोय आणि नास त्याच तालात दुगुन-तिगुन घेतोय. तबल्याचा ठेका संथ असला तरी वर बोलतानांचा मारा सुरू असेल तर बैठक 'शांत' वाटत नाही, तसंच.

सम पकडण्याच्या पद्धतीकडे लक्ष द्या. 'जिन अँड ज्यूस' लावा आणि बोटाने मात्रा मोजा. स्नूपचे शब्द ठोक्याच्या केसभर मागे पडतात; ठोका आधी, शब्द नंतर. त्यामुळे घाई नसलेला, टेकून उभा असलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. यमक मात्र जिथे अपेक्षित तिथेच, बारच्या शेवटी, ठळक. म्हणूनच पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही तिसऱ्या ओळीपासून सोबत म्हणता येतं. पोवाड्यात झीलकरी जसे शेवटचा शब्द उचलतात तशी सोय त्याने श्रोत्यासाठी ठेवलेली असते.

'एन. वाय. स्टेट ऑफ माइंड'मध्ये ही सोय नाही. सुरुवातीला नास स्वतःच पुटपुटतो की कशी सुरुवात करावी कळत नाही, आणि मग जो सुटतो तो थांबत नाही. वाक्य बारच्या शेवटी संपत नाही, पुढच्या बारमध्ये सांडतं. यमकं ओळीच्या शेवटी असतातच, पण ओळीच्या पोटातही असतात, आणि दोन-दोन तीन-तीन अक्षरांची एकत्र. ध्रुवपद म्हणावं असं काही गायलेलंच नाही. रकिम या रॅपरच्या जुन्या ओळीचा तुकडा प्रीमियरने स्क्रॅच करून, म्हणजे तबकडी हाताने पुढेमागे घासून, मध्ये ठेवला आहे, तेवढीच विश्रांती. दोन लांबलचक कडवी, बस. कागदावर लिहून घ्या आणि यमकांना वेगवेगळ्या रंगाने खुणा करा. स्नूपच्या पानावर उजव्या कडेला रंगांची सरळ रांग दिसेल. नासच्या पानावर रांगोळी सांडल्यासारखं दिसेल.

खालचा बीटही तितकाच महत्त्वाचा. त्या गाण्यातला खालच्या पट्टीतला पियानो ज्यो चेंबर्स या जॅझ ड्रमरच्या 'माइंड रेन' या १९७८ च्या रचनेतून उचललेला आहे. प्रीमियर तो तुकडा सोडवत नाही. पियानोचं वाक्य उत्तर न देता पुन्हा सुरुवातीला येतं, तानपुऱ्याने षड्जावर येण्याआधीच कोणी तार धरून ठेवावी तसं. चार मिनिटं कान उत्तराची वाट बघत राहतो. तो सगळा ताण इथे आहे. हाय-हॅटचा वेग किंवा स्नेअरचा जोर हे दुय्यम.

यंत्राची बाजू समजून घेतली की हे का घडलं ते कळतं. त्या काळी न्यूयॉर्कच्या निर्मात्यांकडे प्रामुख्याने ई-म्यू कंपनीचं एसपी-१२००, अकाईचं एमपीसी-६० आणि अकाईचाच एस-९५० हे सॅम्पलर, म्हणजे तबकडीतले तुकडे साठवून वाजवणारी यंत्रं. पीट रॉकची ओळख एसपीशी जोडलेली, प्रीमियरची एमपीसीशी. एसपी-१२०० मध्ये एकूण सुमारे दहा सेकंदांची जागा, आणि एका सलग तुकड्याला सुमारे अडीच सेकंदच. वर काढलेला हिशेब आठवा: ८४-८५ च्या लयीतला एक बार २.८ सेकंदांच्या वर जातो. म्हणजे एक पूर्ण बारसुद्धा मावत नाही. मग करायचं काय? ३३ च्या वेगाची तबकडी ४५ वर वाजवून मुद्रित करायची आणि यंत्रात स्वर खाली ओढून मूळ वेगावर आणायची. वेग १.३५ पट होतो, अडीच सेकंदांत जवळपास ३.४ सेकंदांचा माल बसतो. किंमत मोजावी लागते ती आवाजाच्या दर्जात. यंत्र १२ बिटचं, सेकंदाला सुमारे २६ हजार नमुने घेणारं, म्हणजे १३ किलोहर्ट्झच्या वरचं मूळ काही उरतच नाही. वर स्वर खाली ओढला की कडांना एक खरखर, धातूसारखी किरकिर चढते. लोक ज्याला न्यूयॉर्कचा 'मळकट' आवाज म्हणतात त्यातला बराच मळ असा जागा वाचवण्यातून आलेला आहे. दुसरा मार्ग म्हणजे तुकडा आणखी लहान कापून वेगवेगळ्या पॅडवर टाकायचा आणि बोटांनी नव्या क्रमाने वाजवायचा. कापाकापीची ही कला अशी टंचाईतून वाढली.

एस-९५० चं काम वेगळं. त्यातल्या फिल्टरने तबकडीच्या तुकड्यातला वरचा भाग दाबून फक्त खालचा बेस उरवता येतो. तोच तुकडा एकदा गाळून बेस म्हणून आणि एकदा न गाळता वर, असा दुहेरी वापर केला जायचा. पीट रॉकच्या 'द वर्ल्ड इज युवर्स'मध्ये अहमद जमाल यांच्या १९७० च्या 'आय लव्ह म्युझिक'मधला पियानो आहे. त्याच्या खालचा बेस किती गोल आणि कडा नसलेला आहे बघा. बोटाने तार ओढल्याचा आवाज त्यात नाही. आता लगेच 'द क्रॉनिक'मधलं 'लेट मी राइड' लावा. तिथे बेसला सुरुवात आहे, शेवट आहे, मध्ये श्वास आहे. तो वाजवलेला बेस आहे.

ड्रेने जुन्या तबकड्या सोडल्या नव्हत्या, हे लक्षात ठेवा. 'लेट मी राइड'चा जीव पार्लमेंट या फंक गटाच्या १९७५ च्या 'मदरशिप कनेक्शन'मध्ये आहे, 'जी थँग'चा कणा लिऑन हेवूडच्या १९७५ च्याच गाण्यातून आलेला आहे, आणि 'लिरिकल गँगबँग'च्या खाली लेड झेपेलिनचे ड्रम आहेत. फरक असा, की शक्य तिथे तो चाल घ्यायचा आणि कॉलिन वुल्फसारख्या वादकांकडून नव्याने वाजवून घ्यायचा. त्यामागे कानाची आवड होती आणि हिशेबही होता. डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने रॅपर बिझ मार्कीच्या विरोधात निकाल दिला. गिल्बर्ट ओ'सुलिव्हनच्या गाण्याचा तुकडा परवानगीशिवाय वापरल्याचा तो खटला. त्यानंतर सॅम्पल फुकटात खपवण्याचे दिवस संपले. मूळ मुद्रण वापरलं तर दोन परवानग्या लागतात: मुद्रणाच्या मालकाची आणि रचनेच्या मालकाची. चाल नव्याने वाजवून घेतली तर फक्त रचनेची. वर प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर हाती येतं, हवं ते वर-खाली करता येतं. तबकडीतून कापलेल्या तुकड्यात बेस, पियानो आणि खोलीची घुमणारी हवा एकमेकांत शिजलेली असतात. त्यातून बेस तेवढा वेगळा वाढता येत नाही.

हे वेगळेपण कानाला कसं कळतं? 'जी थँग' लावून चार-चार बार मोजत बसा. दर चार किंवा आठ बारनंतर काहीतरी आत येतं किंवा बाहेर जातं: एखादा गिटारचा तुकडा, मागचे आवाज, तो वरचा शिट्टीसारखा सिंथ. या सिंथला मिनीमूगसारख्या वाद्यावरची मींड म्हणा, अगदी तंतोतंत मींडच आहे ती. एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी नाही, घसरत जाणं. त्याचं मूळ ओहायो प्लेयर्सच्या 'फंकी वर्म'पर्यंत जातं, आणि ड्रेने एनडब्ल्यूएच्या काळातच ते 'डोपमॅन'मध्ये वापरून पाहिलं होतं. आता 'क्रीम' लावा, 'थर्टी-सिक्स चेंबर्स'मधलं. पियानो शार्मेल्स या गटाच्या १९६७ च्या गाण्याचा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच. रेक्वॉन येतो, इन्स्पेक्टा डेक येतो, मध्ये मेथड मॅनचं ध्रुवपद. खालचा पियानो कोणासाठी हलत नाही. आरझेडए थर रचत नाही, माणसं बदलतो. ड्रेच्या अल्बममध्ये खोली एकच मोठी आणि फर्निचर हलत असतं. वू-टँगमध्ये खोली लहान, कोंदट, आणि दारातून एकामागून एक माणसं आत घुसतात. न्यूयॉर्कच्या फायरहाउस स्टुडिओत मुद्रित झालेल्या त्या आवाजात टेपची हिस, कुंग-फू सिनेमांतले संवाद, फुटायला आलेला स्नेअर हे सगळं तसंच ठेवलं आहे. आरझेडएच्या हातात एन्सोनिकचा कीबोर्ड सॅम्पलर होता, आणि तो तुकड्याचा स्वर कीबोर्डवर ओढताना मूळ गाण्याशी जुळतो की नाही याची फिकीर करत नाही. काही ठिकाणी बेस आणि पियानो चक्क एकमेकांशी बेसूर आहेत. ड्रेच्या मिश्रणात असं एक ठिकाण शोधून दाखवा, सापडणार नाही. मिश्रणाच्या स्वच्छतेत ड्रेला त्या वर्षांत तोड नव्हती, हे न्यूयॉर्कप्रेमींनी मान्य करायला हरकत नाही.

या दोन सवयी आल्या कुठून? न्यूयॉर्कमध्ये हिप-हॉप डीजेच्या हातून जन्मलं. ब्राँक्समध्ये १९७३ पासून पार्ट्यांत डीजे दोन तबकड्यांवर एकाच ड्रम-ब्रेकची पुनरावृत्ती करायचे. तुकडा धरायचा आणि फिरवायचा ही तिथली बालपणापासूनची सवय, लूप तिचंच यंत्रातलं रूप. लॉस एंजेलिसमध्ये ड्रे आला तो ऐंशीच्या दशकातल्या इलेक्ट्रो पार्ट्यांमधून, वर्ल्ड क्लास रेकिन क्रूमधून. तिथे सिंथ आणि ड्रम मशीन ही परकी गोष्ट नव्हती. वर घराघरांत पार्लमेंट-फंकाडेलिक आणि रस्त्यावर गाडी. गाडीत डिकीतला सबवूफर असतो, तो भरायला लांब, ओढलेल्या बेसच्या नोटा लागतात. सबवेत हेडफोन लावून चालणाऱ्याला तुटक बेस चालतो, त्याला शब्द हवे असतात.

अल्बमची मांडणी ही तुलनेतली सगळ्यात दुर्लक्षित बाब. 'इलमॅटिक' दहा ट्रॅकचा, त्यातला पहिला नुसती प्रस्तावना, आणि एकूण सुमारे चाळीस मिनिटं. एकच पाहुणा रॅपर, एझी. 'लाइफ्स अ बिच'च्या शेवटी नासच्या वडिलांनी, ओलू डारा यांनी, वाजवलेला कॉर्नेट येतो. कापलेल्या तुकड्यांच्या अल्बममध्ये जिवंत श्वासाचा तो क्षण मुद्दाम ऐका. त्या काळी एका रॅपरने इतके वेगवेगळे नावाजलेले निर्माते एका अल्बमवर आणणं दुर्मीळ होतं. त्याने आवाज विस्कळीत व्हायला हवा होता, झाला नाही, कारण पाचही जण एकाच शहरातल्या एकाच प्रकारच्या यंत्रांवर आणि जुन्या जॅझ-सोलवर काम करणारे. पुढे मात्र हीच पद्धत सरसकट झाली आणि कित्येक अल्बम खिचडी झाले. त्या खिचडीचा दोष 'इलमॅटिक'च्या यशाला द्यायला हवा, असं माझं मत.

'डॉगीस्टाइल' उलट, एकच निर्माता, भरपूर पाहुणे, आणि गाण्यांच्या मध्ये रेडिओ स्टेशनची सोंगं. स्किट पहिल्यांदा गमतीचे, पाचव्यांदा कंटाळवाणे. पण ते काढून टाकून ऐकलं तर अल्बमची 'आपण एका पार्टीत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातोय' ही रचना मोडते. तुलना करताना एकदा तरी सलग ऐकाच. शब्दांच्या बाबतीत आडपडदा नको: बायकांबद्दलचं बोलणं 'डॉगीस्टाइल'मध्ये आणि 'द क्रॉनिक'मध्ये ठिकठिकाणी घाणेरडं आहे, आणि 'त्या काळी असंच होतं' हे उत्तर पुरत नाही, कारण त्याच काळात तसं न करणारे रॅपर होते. नासही इथे निर्दोष नाही, पण त्याची नजर बहुतेक वेळ दुसरीकडे असते: इमारतीचा जिना, तुरुंगातल्या मित्राला पत्र, कोपऱ्यावरची पोरं. 'वन लव्ह' अख्खं पत्ररूपात आहे. क्यू-टिपने खाली हीथ ब्रदर्सच्या १९७५ च्या रचनेतला तुकडा ठेवला, आणि तो पत्र लिहिताना दुसऱ्या खोलीत वाजतोय असा दूर ठेवला. चारही अल्बममध्ये बीट आणि मजकूर एकमेकांना इतके चपखल बसलेलं दुसरं गाणं मला सापडत नाही.

विक्रीचे आकडे वादात काढायचे असतील तर जपून. 'डॉगीस्टाइल' पहिल्याच आठवड्यात आठ लाखांवर खपला आणि यादीत पहिला आला. 'इलमॅटिक' पहिल्या आठवड्यात साठ हजारांच्या आसपास, बारावा क्रमांक, आणि दहा लाखांची प्लॅटिनम पातळी गाठायला २००१ उजाडलं. पण 'द सोर्स' मासिकाने त्याला तेव्हाच पाच माइक दिले होते, म्हणजे पूर्ण गुण. यावरून एवढंच कळतं की वेस्ट कोस्टने रेडिओ आणि गाडी जिंकली होती आणि न्यूयॉर्क समीक्षकांच्या हातात होतं. संगीत कोणतं चांगलं हे त्यावरून ठरत नाही.

भांडणाचं काय? लोक १९९६ आणि १९९७ च्या दोन खुनांवरून, वेस्ट कोस्टचा टुपॅक आणि ईस्ट कोस्टचा बिगी या रॅपर्सच्या, मागे वळून सगळं वाचतात आणि समजतात की हे अल्बम एकमेकांवर सोडलेले बाण होते. नव्हते. 'द क्रॉनिक'मधल्या हल्ल्याच्या गाण्याचा मुख्य रोख ईझी-ईवर आहे, म्हणजे ड्रेच्याच गावच्या, त्याच्याच जुन्या गटातल्या माणसावर. सोबत ब्राँक्सच्या टिम डॉगला आणि मायामीच्या ल्यूकला फटके. टिम डॉगने १९९१ मध्ये कॉम्पटनला शिव्या घालणारं गाणं काढलं होतं, त्याची परतफेड. आणि 'इलमॅटिक'मध्ये नास 'रेप्रेझेंट'मध्ये ज्या वादाची आठवण काढतो तो क्वीन्सब्रिजच्या एमसी शॅनचा आणि साउथ ब्राँक्सच्या केआरएस-वनच्या गटाचा, ऐंशीच्या दशकातला, न्यूयॉर्कच्या आतला. पेठापेठांचं वैर. किनारा विरुद्ध किनारा हे चित्र खरं गडद झालं ते ३ ऑगस्ट १९९५ च्या सोर्स अवॉर्ड्समध्ये. न्यूयॉर्कमधल्या त्या सोहळ्यात डेथ रो या ड्रे-स्नूपच्या रेकॉर्ड कंपनीच्या प्रमुखाने बिगीच्या बॅड बॉय कंपनीला जाहीर टोमणा मारला, स्नूप प्रेक्षकांवर भडकला.

आणि त्याच संध्याकाळी नवा गट म्हणून बक्षीस घ्यायला आलेल्या अटलांटाच्या आउटकास्टला लोकांनी हुर्यो दिली, तेव्हा त्यांच्यातला अँड्रे माइकवर म्हणाला की दक्षिणेलाही काही सांगायचंय. त्यांचा पहिला अल्बम २६ एप्रिल १९९४ चा, 'इलमॅटिक'नंतर बरोबर एका आठवड्याचा. तो तुमच्या यादीत पाचवा ठेवा. ऑर्गनाइज्ड नॉइझ या तिघांनी तो एका घराच्या तळघरातल्या स्टुडिओभोवती उभा केला. बेस आणि गिटार ड्रेसारखे वाजवलेले, यमकांची गुंतागुंत न्यूयॉर्कसारखी, उच्चार मात्र कोणाकडून उसने घेतलेले नाहीत. दोन किनाऱ्यांची खातेवही मांडून बसलेल्याला हा अल्बम कुठल्या रकान्यात टाकावा कळत नाही, म्हणूनच तो लवकर ऐकावा.

खाते फार घट्ट मांडू नका, याला आणखी एक पुरावा आहे. आइस क्यूब एनडब्ल्यूएमधून बाहेर पडला आणि १९९० चा पहिला एकल अल्बम करायला न्यूयॉर्कच्या बॉम्ब स्क्वॉड या निर्मात्यांच्या गटाकडे गेला.

मित्रांशी पुढचा वाद घालायच्या आधी ही चाचणी घ्या. नावं आणि मुखपृष्ठं लपवून, न सांगता दोन गाणी लावा. पहिलं सोल्स ऑफ मिस्चिफचं १९९३ चं 'नाइन्टी-थ्री टिल इन्फिनिटी': बिली कोबहॅमच्या जॅझमधून घेतलेला तुकडा, धुकट, शब्दांनी गच्च. दुसरं बिगीचं १९९४ चं 'बिग पॉपा': आयझ्ली ब्रदर्सची मऊ चाल, ओढलेला बेस, आणि वर ती शिट्टीसारखी मींड. कोणतं न्यूयॉर्कचं आणि कोणतं कॅलिफोर्नियाचं ते कागदावर लिहायला सांगा. पहिलं ओकलंडच्या पोरांचं आहे, दुसरं ब्रुकलिनचं.